सात चोविसांश

माणगंगेच्या काठचं म्हसवड कागदोपत्री सातारा जिल्ह्यात मोडतं, पण त्याचं येणंजाणं साताऱ्यापेक्षा आटपाडी आणि माळशिरसशी अधिक. त्याच जिल्ह्यातल्या महाबळेश्वरावर पाऊस कोसळत असतो तेव्हा माणदेशात लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. सिद्धनाथाची यात्रा, मेंढरं, ज्वारी-बाजरी, मुंबईला माथाडी कामाला किंवा परमुलखात गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्याला गेलेले पुरुष, आणि मागे शेत, जनावरं, म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या बायका, असा हा मुलूख.

१९९० च्या दशकात इथल्या एका लोहारकाम करणाऱ्या बाईला पावसाळ्याआधी झोपडीवर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. रोज थोडे थोडे पैसे साठवावेत म्हणून ती बँकेत गेली. एवढ्याशा रकमेचं खातं उघडणं बँकेला परवडत नाही, असं सांगून तिला परत पाठवलं गेलं. ती चेतना गाला सिन्हा यांच्याकडे आली. मुंबईत वाढलेल्या, जयप्रकाश नारायणांच्या चळवळीतून आलेल्या चेतनाताई लग्नानंतर म्हसवडला स्थायिक झाल्या होत्या. त्यांनी आणि गावातल्या बायकांनी ठरवलं, बँक आपणच काढू.

सहकारी बँक काढायची तर दोन कायद्यांचे उंबरे ओलांडावे लागतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदणी, आणि बँकिंग नियमन कायदा १९४९ खाली रिझर्व्ह बँकेचा परवाना. अर्ज गेला आणि फेटाळला गेला. कारण असं मिळालं की प्रवर्तक बायकांपैकी अनेकजणी निरक्षर आहेत, कागदावर सह्यांच्या जागी अंगठे आहेत.

आता गंमत पाहा. भारतीय कायद्याला अंगठ्याचं वावडं नाही. १८९७ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट स्पष्ट सांगतो की ज्याला आपलं नाव लिहिता येत नाही त्याच्या बाबतीत ‘सही’ या शब्दात ‘खूण’ही येते. बँक चालवणाऱ्यांची पात्रता पाहण्याचा अधिकार परवाना देणाऱ्याला असतोच. पण निरक्षर म्हणजे बिनहिशेबी, हे समीकरण कायद्याच्या पुस्तकात कुठे नव्हतं. ते टेबलामागे बसलेल्या समाजाच्या डोक्यात होतं.

बायकांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले आणि काही महिन्यांनी त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. चेतनाताईंनी हा प्रसंग अनेकदा सांगितला आहे. बायकांचं म्हणणं सरळ होतं : आमच्या लहानपणी शाळाच नव्हती, त्यात आमचा दोष नाही. आम्हाला वाचता येत नसेल, पण मोजता येतं. कोणत्याही रकमेवरचं व्याज विचारा. तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटर न घेता तोच हिशेब करू द्या, आणि कोण आधी सांगतं ते बघा. परवाना मिळाला. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक म्हसवडला सुरू झाली.

या गोष्टीत वकील नाही, न्यायाधीश नाही, निकालपत्र नाही. तरी कायद्यातून समाज कसा बदलतो हे सांगणाऱ्या प्रकरणाची सुरुवात मी तिच्यापासून केली. या बायकांनी कायदा बदलून मागितला नाही. आपल्या बाजूचा हिशेब त्यांनी तोंडी मांडला आणि तो कागदावर चढवून घेतला. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात गेल्या साठ वर्षांत कायद्याने जे काही हललं, ते बहुतेक असंच हललं. हिशेब मागणारी कुणीतरी उभी राहिली, तेव्हाच.

कोर्टाची पायरी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की ती कुणाच्या फायद्याची आहे, हे विचारायचं राहून जातं. ज्याच्या ताब्यात जमीन आहे, ज्याचं नाव उताऱ्यावर आहे, ज्याच्या बाजूला वहिवाट आहे, त्याला कोर्टात जायची गरजच नसते. पायरी चढावी लागते ती ज्याच्या हातात काही नाही त्याला. म्हणजे ही म्हण शहाण्यांपेक्षा ताबेदारांची आहे.

मात्र त्या पायरीवर वेळ किती जातो, याबाबत म्हण खोटी नाही. महाडच्या चवदार तळ्याचा दावा आठवा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला. महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे तळं खुलं केल्याचं जाहीरही केलं. कागद तयार होता, पण पाण्याला हात लावायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो सहकारी तळ्यावर गेले, पाणी प्यायले. मग सवर्णांनी दिवाणी दावा लावला. डिसेंबरात कोर्टाने तात्पुरती मनाई दिली आणि बाबासाहेबांनी ती पाळली. दाव्याचा शेवटचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी लागला. सत्याग्रहाला दहा वर्षं पुरी व्हायला तीन दिवस कमी होते.

निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला, पण त्याचा आधार अगदी अरुंद होता. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादिकाळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही, म्हणून ते हरले. माणूस म्हणून सगळे समान, असं काही कोर्ट बोललं नाही. ते बोलायला १९५० चं संविधान आणि त्यातलं सतरावं कलम यावं लागलं. कोर्टाला जेवढा प्रश्न विचारावा तेवढंच उत्तर मिळतं. म्हणून प्रश्न नेमका कसा विचारायचा, हेच निम्मं काम असतं.

हिराबाईंचा दावा

असा एक नेमका प्रश्न १९६२ मध्ये सांगलीच्या दिवाणी न्यायालयात विचारला गेला. देशभरातले कायद्याचे विद्यार्थी आजही ‘गुरुपाद विरुद्ध हिराबाई’ या नावाने तो खटला वाचतात. म्हसवडहून सांगली काही फार लांब नाही, पण आपल्याकडे हा खटला वकिलांच्या कपाटाबाहेर फारसा आला नाही.

खंडप्पा मगदूम २७ जून १९६० रोजी वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. दोन घरं, जमीन, दोन दुकानं आणि काही जंगम मालमत्ता. हिराबाईंनी वाटपाचा दावा लावला आणि आपला हिस्सा मागितला : सात चोविसांश.

हा विचित्र वाटणारा अपूर्णांक आला कुठून? पाटी घेऊन बसा, अवघड नाही.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेला आणि मुलीला वारस केलं खरं, पण वडिलोपार्जित मालमत्तेतली सहदायकी, म्हणजे जन्माने मिळणारा हक्क, मुलग्यांपुरताच ठेवला. मग बायकांना नेमकं काय मिळणार? कायदा म्हणाला, असं समजा की मरणाच्या आदल्या क्षणी कुटुंबात वाटणी झाली. त्या कल्पनेतल्या वाटणीत मृताच्या वाट्याला जे आलं असतं, तेवढंच त्याच्या सगळ्या वारसांत सारखं वाटायचं.

मगदुमांच्या घरात ही कल्पनेतली वाटणी बाप, आई आणि दोन मुलगे अशा चौघांत होते. (इथल्या परंपरेत पत्नीला स्वतःहून वाटणी मागता येत नसे, पण बाप-लेकांत वाटणी झाली तर तिचाही हिस्सा निघे.) प्रत्येकाला एक चतुर्थांश. खंडप्पांचा एक चतुर्थांश मग सहा वारसांत वाटायचा, म्हणजे प्रत्येकी एक चोविसांश.

सांगलीच्या न्यायालयाने हिराबाईंना तो एक चोविसांश दिला आणि तिथेच थांबलं. वाटणी नुसती कल्पनेतली होती, खरी झालीच नव्हती, मग त्या वाटणीत आईला मिळणारा चतुर्थांश आता कशाला द्यायचा, असा तो विचार. उच्च न्यायालयाने हे मान्य केलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २७ एप्रिल १९७८ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी निकाल दिला. त्याचा मथितार्थ असा : कायद्याने एखादी गोष्ट घडली असं समजायला सांगितलं असेल, तर तिचे सगळे परिणामही घडले असं समजायला हवं. बापाचा हिस्सा काढताना वाटणी झाली म्हणायचं आणि आईचा हिस्सा काढताना झालीच नाही म्हणायचं, हे चालणार नाही. चतुर्थांश म्हणजे सहा चोविसांश, अधिक एक. हिराबाईंना सात चोविसांश मिळाला.

चोवीस एकरांचं रान धरलं तर, खालच्या कोर्टाच्या हिशेबाने आईला एक एकर, वरच्या कोर्टाच्या हिशेबाने सात. कायद्यातला एकही शब्द बदलला नव्हता. फक्त बेरीज पुरी केली गेली. आणि त्या बेरजेला पंधरा वर्षं लागली.

आता तोच हिशेब पुढे न्या. आईला सात एकर, दोन मुलग्यांना प्रत्येकी सात, आणि तीन मुलींना? प्रत्येकी एक. सातत्रिक एकवीस आणि तीन, चोवीस. निकाल आईपुरता न्याय्य होता, पण लेकीला भावाच्या सातव्या हिश्शावर ठेवूनच. हा दोष कोर्टाचा नव्हता, १९५६ च्या कायद्याचा होता. तो दुरुस्त करणं विधिमंडळाचं काम होतं.

एकाचे चार

महाराष्ट्राने ते केलं. २२ जून १९९४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मुलीलाही जन्माने सहदायकीचा हक्क दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून आली आणि तिने लग्नाची अट काढून टाकली. मग नवा वाद सुरू झाला : त्या दिवशी बाप जिवंत हवा की नको? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या एका निकालात हवा असं म्हटलं गेलं, २०१८ च्या दुसऱ्यात सूर वेगळा लागला. शेवटी ११ ऑगस्ट २०२० रोजी ‘विनीता शर्मा’ खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने गाठ सोडवली. हक्क जन्माने आहे, त्यामुळे बाप त्या दिवशी जिवंत असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री मात्र उकरून काढता येत नाही.

आता मगदुमांसारखंच कुटुंब आजच्या कायद्यात घालून पाहा. बाप, आई, दोन मुलगे, तीन मुली, असे कल्पनेतल्या वाटणीत सात वाटे. बापाचा सातवा वाटा पुन्हा सहाजणांत. प्रत्येकाच्या पदरात बरोबर एक षष्ठांश येतो. चोवीस एकरांत प्रत्येकाला चार. लेक एकावरून चारावर गेली. मुलगा सातावरून चारावर आला, आणि आईही सातावरून चारावर आली. समानतेचं गणित असं असतं. कुणाला मिळतं तेव्हा कुणाचं तरी कमी होतं. ज्याचं कमी होतं तो गप्प बसत नाही, आणि हे कमी होणं तो कोर्टात थांबवत नाही. तो ते चावडीवर थांबवतो.

चावडीवरचा कायदा

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दिल्लीहून निघतो, पण शेतापर्यंत पोहोचायला त्याला तलाठ्याच्या दप्तरातून जावं लागतं. बाप वारला की वारसांची वर्दी द्यायची. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे मुदत तीन महिन्यांची. तलाठी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटीस काढतो, हरकत घ्यायला पंधरा दिवस देतो. मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि ती सातबाऱ्यावर उतरते.

या साध्या वाटेवर जुन्या दोन आडवाटा आहेत. पहिली म्हणजे ‘ए.कु.मॅ.’ या तीन अक्षरांची. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागतं, आणि पिढी उलटली की मॅनेजरचा मालक होतो. दुसरी वाट म्हणजे ‘इतर हक्क’. भोगवटादारांच्या रकान्यात भाऊ, आणि आई व बहिणी उजवीकडच्या इतर हक्कात, जिथे विहिरीतल्या पाण्याचा वाटा आणि सोसायटीच्या कर्जाचा बोजाही लिहिलेला असतो. कायद्याने ती बरोबरीची मालक असते, उताऱ्यावर ती बोज्याच्या ओळीत बसते.

सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही, हे वकील सांगतात आणि ते खरं आहे. तो महसुली अभिलेख आहे. पण उलट सिद्ध होईपर्यंत त्यातली नोंद खरी धरायची, असं संहितेचं कलम १५७ म्हणतं. पीककर्ज, नुकसानभरपाई, अनुदान हे सगळं त्या नोंदीच्या मागे चालतं. नवरा कोइमतूरला गलाईच्या दुकानात, शेत कसते ती बायको, आणि उताऱ्यावर नाव त्याचं किंवा सासऱ्याचं. तिने कर्ज मागितलं तर तारण काय देणार? म्हसवडच्या बँकेला रोजच्या बचतीतून सुरुवात करावी लागली, त्याचं एक कारण हेही आहे. तिच्या सभासदांच्या हातात कष्ट होते, उतारा नव्हता.

तिसरी वाट सगळ्यात गोड बोलून घडते. तिचं नाव हक्कसोडपत्र. बापाचे दिवस झाले की बहिणींना एकत्र बोलावतात, साडीचोळी होते, आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सह्या होतात. भाऊबीज चालू राहायला हवी, माहेरचं दार उघडं राहायला हवं, मोठं दुखणं आलं तर उभं राहायला कुणीतरी हवं. बहीण जमीन सोडते ती अडाणीपणाने नव्हे. तिने हिशेब केलेला असतो. चार एकर कोरडवाहू एका पारड्यात आणि माहेर दुसऱ्या पारड्यात. तिला हे दोन्ही एकदम मिळू शकतात, हे जोवर घर मानत नाही, तोवर कायद्याचं पारडं हलकंच राहतं. हक्कसोड नोंदणीकृतच असावं लागतं, साध्या कागदावरची सही जमिनीचा हक्क सोडवत नाही, एवढं तरी प्रत्येक बहिणीला ठाऊक असायला हवं.

घराघराचं मन वळवायचा प्रयत्न कायद्याबाहेरूनही झाला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला महिलांचं विराट अधिवेशन घेतलं, आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली : शेतकऱ्याने आपली थोडी जमीन स्वखुशीने बायकोच्या नावावर करावी. सांगली जिल्ह्याच्या खानापूर-विटा भागात स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीने टाकून दिलेल्या बायकांचा, परित्यक्तांचा प्रश्न ऐरणीवर आणला. या चळवळी जिथे पोहोचल्या, तिथे कायदा परका वाटला नाही. जिथे पोहोचल्या नाहीत तिथे तो अजूनही सरकारी वाटतो. उतारे किती मागे राहिलेत याची कबुली सरकारनेच २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढून दिली. मेलेल्या खातेदारांची नावं उताऱ्यावर तशीच होती, त्यांच्या जागी वारस लावायचे होते.

फॉर्म एफ

जमिनीतला हिस्सा मागायला लेक आधी जन्मावी लागते. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या साताऱ्यात ८७८, सांगलीत ८५१, कोल्हापुरात ८३९. राज्याची सरासरी होती ९१३. ऊस, दूध, सहकार आणि शिक्षणाचा अभिमान सांगणारे हे जिल्हे, आणि त्यांच्या कपाळी हे आकडे. शिवाय माणदेशासारखा दुष्काळी भाग यातून सुटलेला नव्हता.

गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा महाराष्ट्राने देशाच्या आधी केला होता. कार्यकर्त्यांच्या दबावामुळे १९८८ मध्ये राज्याचा कायदा आला, १९९४ मध्ये केंद्राचा. आणि दोन्ही कपाटात पडून राहिले. २००० मध्ये ‘सेहत’ आणि पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्यांची मागणी नव्या कायद्याची नव्हती. असलेला कायदा पाळला जातो की नाही, याचा हिशेब राज्यांनी द्यावा, एवढीच होती. कोर्टाने राज्यांकडून अहवाल मागवले, यंत्रांची नोंदणी करायला लावली. २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला.

या कायद्याचा खरा दात म्हणजे एक साधा तक्ता, फॉर्म एफ. गर्भवतीची सोनोग्राफी का केली, कुणाच्या सांगण्यावरून केली, काय आढळलं, हे त्यात भरायचं. लिंग सांगितलं जातं ते बंद खोलीत, खुणेने, कधी पेढा-जिलेबीच्या भाषेत. त्याचा साक्षीदार मिळत नाही. म्हणून कायद्याने कागदालाच साक्षीदार केलं. तक्ता अपुरा असेल तर तो गुन्हा समजायचा आणि तसं नाही हे डॉक्टरने सिद्ध करायचं. ही निव्वळ कारकुनी चूक आहे, तिला एवढी शिक्षा नको, असं स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाने सर्वोच्च न्यायालयात मांडलं. ३ मे २०१९ रोजी न्यायालयाने ते फेटाळलं. हा तक्ता म्हणजेच कायद्याचा कणा आहे, तो ढिला केला तर कायदाच ढिला होईल, असा निकालाचा आशय.

कोल्हापुरात तत्कालीन जिल्हाधिकारी आणि लेखक लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे नोंद ठेवणारं उपकरण बसवायला लावलं आणि फॉर्म एफ ऑनलाइन भरायला सांगितलं. रेडिओलॉजिस्टांची संघटना उच्च न्यायालयात गेली. ऑगस्ट २०११ मध्ये न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश उचलून धरला.

साताऱ्यात ॲड. वर्षा देशपांडे यांनी दुसरी वाट धरली. दलित महिला विकास मंडळ आणि ‘लेक लाडकी अभियान’ यांच्या माध्यमातून त्यांनी स्टिंग ऑपरेशन केली. खऱ्या गर्भवती बाईला संशयित केंद्रात पाठवायचं, नोटांचे नंबर आधी लिहून ठेवायचे, संभाषण टिपायचं, पंचनामा करायचा. पोटात मूल असताना या कामाला तयार होणाऱ्या त्या अनाम बायकांचं धैर्य कोणत्याही निकालपत्रात नोंदलेलं नाही. पुढची वाट सोपी नव्हती. खटले रेंगाळले, साक्षीदार फिरले. २०२५ मध्ये वर्षाताईंना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला.

२०११ च्या जनगणनेत साताऱ्याचा आकडा ८९५ झाला, सांगलीचा ८६७, कोल्हापूरचा ८६३. त्याच दहा वर्षांत राज्याचा आकडा मात्र ९१३ वरून ८९४ वर घसरला. ही सुधारणा एकट्या कायद्यामुळे झाली असं म्हणणं धाडसाचं ठरेल. पण जिथे कुणीतरी मागे लागून तक्ते तपासले, तिथे आकडा चढला आणि उरलेल्या राज्यात उतरला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आणि गाफील राहू नये म्हणून हेही : मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला एका विवाहितेचा बेकायदा गर्भपातात मृत्यू झाला आणि तपासात ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. तिथे कुठलाच तक्ता भरला जात नव्हता.

नकोशी

कायद्याचं कलमही न लागता एक कागद कसा बदलतो, याचं उदाहरणही साताऱ्याचंच आहे. तिसरी-चौथी मुलगी झाली की तिचं नाव ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. नाव शाळेच्या पटावर जायचं, दाखल्यावर जायचं, हजेरीत रोज पुकारलं जायचं. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा जिल्हा परिषदेने जिल्ह्यातल्या अशा २८५ मुलींचं नव्याने बारसं केलं. मुलींनी आपापली नावं निवडली आणि नव्या नावाची प्रमाणपत्रं घेऊन त्या घरी गेल्या. म्हटलं तर कागदच. पण त्या कागदाने हजेरी घेणाऱ्या गुरुजींचं तोंड बदललं.

तुमच्या घरचा हिशेब

न्यायालयांमुळे समाज बदलतो का, यावर जगभर वाद आहे. अमेरिकेत १९५४ च्या ‘ब्राउन’ निकालाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, तरी दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेचं दार पुढची दहा वर्षं बंदच होतं. रस्त्यावरची चळवळ आणि १९६४ चा नागरी हक्क कायदा आल्यावर ते खऱ्या अर्थाने उघडू लागलं. आपल्याकडचा अनुभव यापेक्षा वेगळा नाही. निकालाने हिस्सा ठरतो. तो पदरात पडायला चळवळ लागते, तलाठी लागतो आणि घरातलं एक तरी माणूस लागतं.

त्या माणसासाठी चार कामाच्या गोष्टी. वडील किंवा पती वारल्यावर तीन महिन्यांत वारसांची वर्दी द्या, आणि वर्दीत सगळ्या मुलींची नावं आहेत ना, ते पाहा. फेरफाराची नोटीस आली तर पंधरा दिवसांत लेखी हरकत घ्या आणि पोच मागून घ्या. नोंद चुकीची प्रमाणित झाली तर प्रांताकडे अपील करता येतं. दावा लावायची वेळ आलीच, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीचं नाव काढून विचारा.

आणि हे काही नको असेल, तर एवढंच करा. डिजिटल सातबारा आता मोबाइलवर मिळतो. आज आपल्या घरचा उतारा काढा आणि आई, बहीण, बायको यांची नावं कोणत्या रकान्यात आहेत ते बघा. उजवीकडे इतर हक्कात असतील, किंवा कुठेच नसतील, तर सांगलीतल्या हिराबाईंनी १९६२ मध्ये मांडलेला हिशेब तुमच्या घरात अजून व्हायचा आहे.